रिकाम्या टाकीचा तोल

प्रिय भिंगरी,

हे पत्र घरी न येता तुझ्या खोक्यांच्या कारखान्याच्या पत्त्यावर कसं आलं, आणि बाबांना फोन सोडून एकदम कागद-पेन कुठून सुचलं, असं म्हणतच तू पाकीट फोडलं असशील. फोन मी करणारच होतो. दोनदा केलाही. पण तुमच्या घरात फोन म्हणजे चावडीवरची दवंडी! तू एकीकडे भांडी लावत असतेस, फोन ओट्यावर उताणा पडलेला, स्पीकर चालू, आणि माझं साधं 'हॅलो'सुद्धा तुझा नवरा, सासूबाई आणि बाहेरच्या खोलीत बसलेले सासरे असे सगळे मिळून ऐकतात. मग मी हवापाण्याचं काहीबाही विचारतो आणि ठेवून देतो. आज जे लिहायचं आहे ते तू एकटीने वाचायचं आहेस. जेवणाच्या सुट्टीत वाच, आणि वाचून झालं की तुमच्या त्या खोक्यांच्या ढिगात कुठेतरी गडप करून टाक.

आधी घरची खबर देतो, म्हणजे मुद्द्यावर यायला मला जरा धीर येईल. आई ठणठणीत आहे. रोज सकाळी फिरायला जायचं म्हणून तिने नवे बूट आणले, आणि आता ते बूट घालून ती गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालते. मांजराने तुझ्या खोलीतल्या पडद्यांचा कायमचा निकाल लावला आहे. दातांच्या लॅबमध्ये काम भरपूर. डॉक्टरीणबाईंनी एक कवळी सारखी परत पाठवायचा सपाटा लावलाय, सोबत निरोप एकच, 'टोचते'. अगं, काय दात बसवले होते मी त्यात! कुणी नुसता हसला असता तरी समोरच्याने विचारलं असतं, कुठून केली म्हणून. पण ज्याच्या तोंडात ती बसायची आहे तो माणूस मला कधी दिसतच नाही, मला दिसतो तो त्याच्या जबड्याचा साचा. तर सध्या त्या साच्याशी माझं भांडण चालू आहे. आणि हो, संगणकासमोरच्या दोन खुर्च्यांपैकी डावीकडच्या, म्हणजे तुझ्या खुर्चीवर आई हल्ली वाळलेले कपडे टाकते. मी ते उचलून पलंगावर ठेवतो. ती परत खुर्चीवर टाकते. या विषयावर आमचं अजून एका शब्दाचंही बोलणं झालेलं नाही.

आता खरं बोलतो. मला तुझ्या सासऱ्यांचा हेवा वाटतो. हेवा हा फार सभ्य शब्द झाला, माझा जळफळाट होतो. तू तो फोटो पाठवलास ना, तुमच्या घरातल्या संगणकासमोरचा? तू उजवीकडच्या खुर्चीत, हातात माउस, समोर पडद्यावर आपल्या खेळातलं अर्धवट जोडलेलं विमान. डावीकडे आमचे व्याही, ऐटीत, मांडीवर जॉयस्टिक. त्या जॉयस्टिकच्या वरच्या बटणावर तू नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होतास, रॉकेट नेमकं कुठल्या बटणावर पेटतं ते गडबडीत चुकू नये म्हणून. तो ठिपका फोटोत स्पष्ट दिसतो. आईने फोटो बघून 'किती छान!' म्हटलं आणि पटकन तिच्या बहिणीला पाठवूनही दिला. मी चष्मा पुसायला आत गेलो. माझ्या खुर्चीत तू, तुझ्या खुर्चीत ते, आणि मी कुठेच नाही.

तुला आठवतं का, हा खेळ घरात आला तेव्हा तू फ्रॉक घालत होतीस आणि तुला उजवं-डावं अजून हात पुढे करून बघावं लागायचं. सुटे भाग जोडून विमान बनवायचं, धावपट्टीवरून साध्या विमानासारखं उडवायचं, हवा संपेल इतकं वर न्यायचं, मग रॉकेट पेटवून पृथ्वीभोवती चक्कर मारायची आणि येऊन पुन्हा त्याच धावपट्टीवर उतरायचं. मी म्हटलं, एवढं सोपं? आणि माझं पहिलं विमान तू हातात घेतलंस, ते जमिनीवरून उठलं, गिरक्या घेत घेत गवतात घुसलं, आणि तू हसून हसून खुर्चीवरून खाली पडलीस. तेव्हापासून तू भिंगरी. नियमही तेव्हाच ठरला, की जो बनवेल त्याने उडवायचं नाही. बनवणाऱ्याला आपल्या विमानाची खोड दिसत नाही, तो हाताने सांभाळून घेतो आणि म्हणतो बघा कसं झकास चाललंय. उडवणारा तिऱ्हाईतच हवा. दुसरा नियम तुझा होता. जो विमान धडपणे उतरवेल तोच त्याला नाव देणार, तोवर ते बिननावाचं. 'आत्याबाई' आठवते? जमिनीवरून उठल्यापासून जी कुरकुर सुरू करायची ती परत येईपर्यंत. आणि 'पाहुणा', जो एकदा वर गेला की खाली यायचं नाव काढत नसे. सगळी नावं तुझीच, कारण उतरवायचीस तूच. मला ते कधी जमलं नाही आणि जमावं असं वाटलंही नाही. मी उजवीकडे बसायचो, आणि तू दात-ओठ खात धावपट्टी शोधायला लागलीस की म्हणायचो, घाई नाही, जमीन कुठे पळून जात नाही.

लग्न होऊन गेलीस तेव्हा जॉयस्टिक तूच ने असा आग्रह मी केला होता. मला वाटलं, तुझा नवरा शिकेल. त्याचा मला राग आला नसता, नवऱ्याचा राग धरायचा काळ मी साखरपुड्यातच उरकून घेतला होता. पण सासरे? त्या माणसाने लग्नाच्या जेवणात माझ्या शेजारी बसून काय काय ऐकवलं ते तुला माहीत नाही. बंदरावर उभा जन्म क्रेन चालवली त्यांनी, कबूल. पण क्रेनच्या आकड्याला फळी टांगून, फळीवर पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास ठेवून, तो जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला आणि थेंब सांडला नाही, ही गोष्ट मी वरणभात येईपर्यंत एकदा आणि ताक येईपर्यंत पुन्हा एकदा ऐकली. दुसऱ्या वेळी ग्लासाचा तांब्या झाला होता. शेवटी त्यांनी आपले दोन्ही पंजे माझ्या ताटावर पसरून धरले आणि म्हणाले, बघा व्याही, हलतोय का केस तरी. मी म्हटलं वा. मनात म्हटलं, पुरे.

आणि मग एक दिवस तू फोनवर सहज सांगितलंस की पपा आता विमान उडवायला लागलेत, मी बनवते, ते उडवतात. पपा! निदान हाक तरी वेगळी ठेवलीस, तेवढी दया केलीस. 'मी बनवते' हे शब्द मला जास्त लागले. इतकी वर्षं तू कधी एक पंख जोडला नाहीस, बनवायला बस म्हटलं तर कंटाळा येतो म्हणायचीस. माझ्या विमानांना उडवणारी मिळाली होती म्हणून मी बनवत होतो, आणि तुला तिकडे जाऊन बनवायचा छंद लागला, तोही माझ्यासाठी नाही. मी फोनवर अरे वा म्हणालो. त्या रात्री जेवताना भाजीत मीठ नाही हे आईला मला सांगावं लागलं, कारण मी दोनदा वाढून घेतली होती.

मग मी काय केलं, तर माझ्या सगळ्यात तिखट विमानाची फाईल तुम्हाला पाठवून दिली. सुरीच्या पात्यासारखं बारीक, शेपूट जेमतेम, करंगळी हलली तरी वळणारं. मनात आलं, तांब्या नेणाऱ्या हातांनी हे उडवून दाखवावं. तुझं उत्तर आलं, 'मस्त आहे बाबा, पण आम्हाला नको.' त्या 'आम्हाला'वरून मी बरेच दिवस आईशी तुटक वागलो, बिचारीचा काही संबंध नसताना. मग जिद्दीने स्वतःच उडवायला बसलो, कीबोर्डवर. एक गवतात, एक विमानतळाच्या मनोऱ्यावर आणि एक तर ज्या शेडमधून बाहेर काढायचं त्याच शेडच्या भिंतीवर आपटलं. आई कपड्यांच्या घड्या घालता घालता मागून बघत होती. म्हणाली, अगदी माझ्या भावासारखं चालवता, फक्त तुम्ही हॉर्न वाजवत नाही.

तुझी विमानंही मी मागवून बघत होतो, हे तुला वाटलं कौतुकाने. खोड्या काढायला बघत होतो. आणि खोड्या काय कमी होत्या! शेपूट केवढी थोरली, पंख रुंद आणि टोकाशी वर उचललेले, आणि ज्या फळ्या हलवून विमान वळवायचं त्या इवल्याशा, बटणाएवढ्या. मी आईला म्हटलं, हिने विमान नाही बनवलं, म्हैस बनवली आहे, वळायला अर्धं आकाश लागेल. खोकी बनवून बनवून पोरीचा हात जड झाला. एवढं शिकवलं मी हिला, नजरेत काही राहिलंच नाही. असं बोललं की मला फार बरं वाटायचं.

अशात तू ती चित्रफीत पाठवलीस. सोबत एकच ओळ, 'बाबा, दर वेळी परत येतानाच उलटतं, का ते बघा ना.' मी ती लॅबमध्ये बघितली, दुपारी, साचा घट्ट होईपर्यंत हात रिकामे असतात तेव्हा. म्हैस उठली, वर गेली, हवा संपली, रॉकेट पेटलं, चक्कर पूर्ण झाली, सगळं कसं निवांत. मग परतीचा प्रवास सुरू झाला आणि तुझा आवाज आला. तू त्यांना म्हणालीस, घाई नाही पपा, जमीन कुठे पळून जात नाही. तसाच सूर, तसंच 'पळून'वर किंचित थांबणं. माझं वाक्य, माझ्या खुर्चीतून, दुसऱ्याला. मी चित्रफीत तिथेच थांबवली आणि उगाच उठून हात धुऊन आलो. परत लावली, तर हवेत शिरल्यावर थोड्याच वेळात विमानाचं नाक वर उठलं, उठतच गेलं, विमान कोलांटी खाऊन शेपटीकडून खाली आलं आणि तुकडे झाले.  मग व्याही हलक्या आवाजात म्हणाले, माझाच हात चुकला गं. तू म्हणालीस, नाही पपा, विमानातच काहीतरी खोट आहे. ते पुन्हा म्हणाले, नाही, हातच.

तुला खोटं कशाला सांगू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वास्तविक तुझ्या विमानात काय खोट आहे हे मला तुझी ती ओळ वाचताक्षणीच कळलं होतं. पण त्यांनीच कबूल केलं म्हटल्यावर मी कशाला मध्ये बोलू? मी ठरवलं की नीट पुरावा गोळा करायचा आणि मग तुला गोड शब्दांत लिहायचं की विमानात थोडं उणं आहेच, पण बाळा, उडवणाराही तयारीचा लागतो. पुरावा कुठे मिळणार हे तू जाणतेसच. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात खाली ते तीन बारीक काटे असतात, उडवणाऱ्याचा हात कुठल्या बाजूला किती दाबतोय ते दाखवणारे. विमान काय करतंय ते सगळे बघतात, काट्यांकडे कुणी बघत नाही. तू उडवायचीस तेव्हा मी मात्र विमानाकडे न बघता काट्यांकडेच बघायचो. तुझा हात मला त्यात दिसायचा, तू घाबरलीस की चिडलीस की भूक लागली, सगळं.

म्हणून त्यांचे काटे बघितले. आधी मला वाटलं चित्रफीत खराब आहे. विमान सरळ रेषेत चाललंय, हाताने काही करायचंच नाही, आणि काटे हलतायत. इकडून तिकडे, बारीक, न थांबता. कुणी ठरवून तसा हात हलवणार नाही, आणि ठरवून हलवला तरी इतका एकसारखा हलणार नाही. काही करायची वेळ आली की काटा जरा ठाम व्हायचा, काम झालं की पुन्हा लागायचा थरथरायला. मी डोळे काट्यांवरून काढून विमानाकडे नेले, तर विमानाला त्याचा पत्ताच नव्हता. ते आपलं म्हशीसारखं शांतपणे चाललं होतं. तेव्हा मला तुझी ती थोरली शेपूट दिसली गं. वर उचललेले पंख दिसले, बटणाएवढ्या फळ्या दिसल्या. हात कितीही थरथरला तरी विमानाने ऐकू नये, आणि मनापासून दाबला तर तेवढंच ऐकावं. मी ज्याला तुझी चूक म्हणत होतो त्यातला एकेक भाग तू त्या हातासाठी मापून बसवला होतास. माझं ते तिखट विमान त्यांच्या हातात तू दिलं असतंस तर धावपट्टी सुटायच्या आत त्याच्या चिंध्या झाल्या असत्या, आणि त्या तुझ्यासमोर झाल्या असत्या. म्हणून ते 'आम्हाला नको' होतं.

मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. व्याही आणि विहीणबाई आपल्याकडे आले होते तेव्हा आईने दिलेल्या चहाला व्याह्यांनी हात लावला नाही, कप तसाच गार झाला. ते गेल्यावर मी म्हणालो होतो, आपल्या घरचा चहा चालत नाही वाटतं क्रेनवाल्यांना. उजवा हात सारा वेळ खिशात होता. मी त्याला मिजास समजलो. ग्लासाची गोष्टही त्या दिवशी त्यांनी सांगितली नाही, आणि मी खूश झालो होतो की चला, सुटलो.

मी हे कुणालाही बोललेलो नाही, आईलाही नाही. तिला वाटतं मी रुसलोय, वाटू दे, खोटंही नाही ते. विहीणबाईंना माहीत आहे का, तुझ्या नवऱ्याला माहीत आहे का, ते तुझं तू जाणे. माझा अंदाज असा की तुला कुणी सांगितलंच नसणार. तू कधीतरी शेजारी बसून तो हात बघितला असशील, आणि 'पपा, मी बनवते, तुम्ही उडवा' असं म्हणून मोकळी झाली असशील. आणि ते तुझ्यासमोर हात खिशातून बाहेर काढत असतील. चार भिंतींत तेवढ्या एका खुर्चीत.

आता नीट वाच, हे कामाचं आहे. चूक त्यांच्या हाताची नाही. टाकीची आहे. तू विमान बनवताना वजनाचा पिवळा गोळा आणि पंखांच्या उचलीचा निळा गोळा दोन्ही बघतेस, पिवळा पुढे आहे याची खात्री करतेस, सगळं बरोबर. पण तू ते टाक्या भरलेल्या असताना बघतेस. परत येताना टाक्या रिकाम्या असतात. पुढचं वजन जळून गेलेलं असतं, मागे जड इंजिनं तेवढी राहतात, पिवळा गोळा सरकून निळ्याच्या मागे जातो, आणि मग जगातला कुठलाही हात ते नाक खाली ठेवू शकत नाही. माझी विमानं तशी का उलटत नव्हती, तर उडवायच्या आधी तू पाणी प्यायला उठायचीस तेवढ्यात मी टाक्या शून्यावर आणून गोळे पुन्हा एकदा बघून घ्यायचो. तू बनवत नव्हतीस, त्यामुळे ते तुला सांगायचा प्रश्नच आला नाही. तेव्हा पंख किंचित मागे घे, मागची टाकी आधी संपेल असं कर, आणि खाली यायच्या आधी उरलंसुरलं इंधन सगळं पुढच्या टाकीत ढकल. आणि शेपटीला हात लावू नकोस. शेपूट अगदी बरोबर आहे.

आणि त्यांना काटे दाखव. मी तो भाग इतक्यांदा बघितलाय की आता डोळे मिटले तरी दिसतो. नाक वर उठायला लागलं त्याच क्षणी त्यांचा काटा खाली गेलेला आहे. थरथरत गेलाय, पण बरोबर दिशेला आणि वेळेवर. तू स्वतः असतीस तरी त्याहून लवकर दाबलं नसतंस. विमान उलटून शेपटीवर पडेपर्यंत काटा तसाच खाली दाबलेला आहे, त्या माणसाने शेवटपर्यंत हात सोडलेला नाही. हे त्यांना मी लिहिलंय म्हणून सांगू नकोस, तुला दिसलं म्हणून सांग. ते म्हैस उतरवतीलच. उतरवली की नाव त्यांनी ठेवायचं, नियम म्हणजे नियम, मग त्यांनी तिचं नाव क्रेन ठेवलं तरी माझी ना नाही.

हे दोन ओळींत संदेशानेही कळवता आलं असतं, टाक्या रिकाम्या करून बघ, बस. पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणासाठी, आणि इतकी पानं भरली तरी तेच टाळतोय. तुझ्या त्या विमानाकडे बघता बघता मला परवा त्या थरथरणाऱ्या हाताचासुद्धा हेवा वाटला. लाज वाटली, पण वाटला. त्या हातासाठी कुणीतरी बसून, मापं घेऊन, काहीतरी बनवलंय. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या जबड्यांना माप घेऊन दात बनवले, तुझ्यासाठी विमानं बनवली, पण माझं माप कुणी घेतलेलं मला आठवत नाही. तेव्हा पुढच्या वेळी इकडे येशील ना, तर एक-दोन दिवस जास्त काढून ये आणि येताना जॉयस्टिक घेऊन ये. व्याह्यांना सोबत घेऊन ये, त्यांना बसायला मी तिसरी खुर्ची आणतो, आणि चहा मी पेल्यात अर्धाच भरून देईन, कुणी विचारणार नाही. मला एक विमान बनवून दे. माझा हात थरथरत नाही, पण तो आंधळा आहे, घाईचा आहे, शेडच्या भिंतीवर जाऊन आपटणारा आहे, हे सगळं लक्षात घेऊन बनव. डाव्या खुर्चीवरचे कपडे मी उचलून ठेवीन. त्या खुर्चीत मी बसेन, माझ्या खुर्चीत तू बस. आणि खाली येताना धावपट्टी दिसेनाशी झाली, मी दात-ओठ खायला लागलो, की माझ्याकडे न बघता, काट्यांकडे बघत, एकदा मलाही म्हण की घाई नाही बाबा, जमीन कुठे पळून जात नाही.

तुझाच,
उजव्या खुर्चीतून उठायला तयार असलेला,
बाबा